सावळारामाच्या तलवारीचा गंज

— हाय म्हणलात ना आत्ता? मग वाढलं मी. आता ताटावर असा आडवा हात धरू नका, दादा, वाढलेलं परत घ्यायची रीत न्हाई आमच्यात. खावा. पिठलं हाय, भ्यायसारखं त्यात काय न्हाई. ठेचा तेवढा जपून — बोटाच्या टोकाला घ्यायचा, भाकरीला लांबनं लावायचा. व्हय, असा. तुमचं नाव आमची पुतणी गौतमी 'ओकादा' सांगती, पण वस्तीत पहिल्या दिवसापास्नं तुम्ही 'ओका दादा'च झालाय, आन् मला तर निस्तं दादाच बरं पडतं. बसा निवांत. सारखं रस्त्याकडं नका बघू, बघितल्यानं माणसं लवकर येत न्हाईत. तलवार येणार हाय. आत्ता येईल. गौतमी गेलीय न्हवं आणायला — गाडी घिऊन गेलीय, तुमच्या त्या सम्राट ड्रायव्हरला घिऊन, कुरकुंभ काय लांब हाय? — येईलच.

तुम्हाला मराठी कळत न्हाई हे ठावं हाय मला. न्हाई कळत तेच बरं. कळणाऱ्या माणसाशी बोलायचं म्हंजी आधी इचार करावा लागतो, मग बोलावं लागतं, आन् बोलून झाल्यावर पुन्हा इचार करावा लागतो. तुमच्याशी तसं न्हाई. तुम्ही आपलं हाय म्हणता, मान हलवता, माझं भागतं. पहिल्या बारीला तुम्ही आलात तवा ह्या तुमच्या 'हाय'नं काय गोंधळ घातला — तुम्हाला कुणी सांगितलंय का? न्हाई सांगितलं? पोरगी लाजली असंल. मी सांगते. तोवर खावा.

आधी तलवारीचं सांगते, म्हंजी पुढचं कळंल — कळणार न्हाईच, पण सांगते. तलवार आणली माझ्या सासऱ्यांनी. मामंजींनी. सावळाराम नाव त्यांचं. महार पलटणीत मशीनगनवर होते, बरम्याच्या लढाईत गेले. समोर तुमची माणसं — राग मानू नका, तवा तुम्ही तुमच्या आईच्या कडेवर असाल. तिथनं आले ते कांबळ्यात गुंडाळलेली ही लांबडी वस्तू घिऊन. आन् मग सांगायचे गावाला — चिखलात समोर जपानी कप्तान, त्यानं तलवार उपसली, मामंजींनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच न्हाई, शेवटी कप्तान म्हणाला, 'सावळाराम, तुझ्यासारखा गडी बघितला न्हाई, घे ही.' कुठल्या भाषेत म्हणाला, आन् त्याला नाव कुणी सांगितलं — हे गावात कुणी विचारलं न्हाई. सांगायचेच तसे. आवाज होता त्यांना.

पण वरच्या आळीचे बबनराव — शेवंतीचे मळे हायत त्यांचे, आज पिकले म्हातारे झालेत, तवा तरणे होते — त्यांना ही तलवार कधी पचली न्हाई. आमच्या वस्तीत भिंतीला तलवार? माझ्या लग्नाच्या वरातीत ह्यांच्या हातात ती तलवार होती. 'ह्यांच्या' म्हंजी मालकांच्या. नाव घेत न्हाई मी. पण तुमच्याफुडं काय — मच्छिंद्र. बघा, घेतलं नाव, काय झालं? काय न्हाई झालं. तर ही वरात पारापाशी आली आन् बबनराव सगळ्यांदेखत म्हणाले, 'मच्छिंद्रा, दौंडच्या लोहारानं ट्रकच्या पाट्याची बरी ठोकून दिलीय रे सावळ्याला! जप, पाऊस लागला तर रंग जाईल.' लोक हसले. पण त्या दिवशी जे काय ह्यांच्या पोटात गेलं ना दादा, ते आजतागायत तिथंच हाय. दौंडला रेल्वेत पॉइंटमन होते, हजार गाड्या ह्या रुळावरनं त्या रुळावर काढल्या, पण ह्यांचा स्वतःचा सांधा त्या पारापाशी अडकला तो अडकलाच.

पाणी? हाय, हाय, हे घ्या.

मग मामंजी गेले. आन् दोघा भावांची वाटणी निघाली. हे थोरले, धाकटे ज्योतिबाभावजी, गौतमीचा बाप, कुरकुंभला केमिकल कंपनीत फिटर हायत. जमीन वाटली, घराला मधोमध भिंत घातली, म्हैस त्यांना, वासरू आम्हाला. राहिली तलवार. पंच म्हणाले, एकानं ठेवा, दुसऱ्यानं सणासुदीला बघा. कोण ऐकतंय! ज्योतिबाभावजी उठले. म्हणाले, 'वस्तू कुठलीबी असू द्या, तिचे पार्ट करता येत्यात.' फिटर माणूस! मुठीत एक बांबूची खुंटी असती, ती त्यांनी खिळ्यानं ठोकून अलगद बाहेर काढली आन् पातं मुठीतनं हे असं सुटून आलं, भुईमुगाच्या शेंगेतनं दाणा यावा तसं. पंचांनी तोंडं वासली. पातं थोरल्याला, म्यान, मूठ आन् ती मधली लोखंडी चकती धाकट्याला. खुंटी कुणाच्याच वाटणीला आली न्हाई म्हणून हरवली. त्या दिवसापास्नं भाऊ भावाशी बोलला न्हाई. एकच भिंत, अलीकडं खोकलं की पलीकडं कळायचं कुणाचा खोकला हाय — पण बोलायचं न्हाई.

आमच्याकडं पातं आढ्याला, हिरव्या बावट्याच्या कापडात गुंडाळून. बुद्धपौर्णिमेला हे खाली काढायचे, खोबरेल लावायचे, परत वर. आन् पलीकडं काय? म्यानात माझी जाऊ राजश्री अगरबत्त्या ठेवायची — लांब हाय, ओल लागत न्हाई म्हणायची. मुठीला दोरा गुंडाळलेला, खाली माशाचं खरखरीत कातडं, ती गौतमीनं लहानपणी बाहुली म्हणून नाचवली, तिला झबलं शिवलं होतं. आन् ती चकती दुधाच्या लोट्यावर झाकण. मधी भोक हाय ना पात्याचं? वाफ त्यातनं जाती, दूध उतू जात न्हाई. तुम्ही मघाशी ती डोळ्यापाशी धरून एवढं काय बघत होता? साय ऱ्हायली असंल कडंला. मी घासायला सांगितलं होतं राजश्रीला.

तर पोरगी मोठी झाली, पुण्यात राहून तुमची भाषा शिकली, रांजणगावला तुमच्या माणसांच्या कंपनीत लागली, आन् तिनं तिथं साहेबाला सांगितलं, आमच्या घरी जपानी तलवार हाय. साहेब म्हणाला, माझ्या ओळखीचं एक माणूस हाय, जुन्या तलवारी पारखण्यात आयुष्य गेलंय त्याचं, पुढच्या महिन्यात येणार हाय. ते तुम्ही. आन् तुम्ही आलात नेमके पोरीला सुट्टी मिळाली न्हाई त्या दिवशी! सम्राट ड्रायव्हर तुम्हाला इथं सोडून टायर बघायला पाटसला गेला. तुम्ही एकटे, आन् समोर सगळा गाव.

तुम्ही काय केलंत सांगू? चपला काढल्या, गुडघ्यावर बसलात, पात्याला नमस्कार घातला — लोकांनीबी घातला. मग एक कागद दातात धरला. आता सांगितलं पोरीनं, पात्यावर श्वास पडू नये म्हणून धरत्यात. पण तवा शेजारचा दगडोबा म्हणाला, मौनाचं व्रत दिसतंय. कुणी म्हणालं, दाढ दुखती. पातं उन्हात धरलंत. धारंच्या कडंनं ती पांढरी लाट हाय, ढग उठल्यासारखी, ती वाकून वाकून बघितलीत. आन् मग चकचकीत पातं सोडून सगळा येळ त्या काळ्या गंजक्या शेपटाकडं बघत बसलात — जे मुठीत लपतं त्याच्याकडं! हे मला म्हणाले, 'बघ की, नवरीचं तोंड सोडून टाचा बघतोय.'

शेवटी तुम्ही कागद काढला तोंडातनं. हे पुढं झाले. बबनराव काठी टेकून उभे. आन् ह्यांनी विचारलं, 'साहेब, असली हाय का?' तुम्ही म्हणालात, 'हाय!'

अवो, असा गलका उठला! ह्यांनी तर डोळेच मिटले. मग धीर आला — 'लई जुनी हाय?' — 'हाय!' — 'मोठ्या कप्तानाची हाय?' — 'हाय, हाय!' तिथंच थांबले असते तर बरं. पण तवर दगडोबा घरी पळाला आन् कसल्यातरी इंजनाचा वाकडा पत्रा छातीला बांधून आला. 'साहेब, चिलखत हाय?' तुम्ही बिचारे बघतच राहिलात, मग म्हणालात, 'हाय…' दगडोबानं पत्र्याला गुलाल लावला. मग लागली की वो रांग! कुणी विळा आणला, कुणी मोटेचं कडं, राहीबाईनं घमेलं आणलं डोक्यावर घालून — शिरस्त्राण म्हणून — तेबी पास. आन् मग बबनरावांनी घरनं त्यांची तलवार मागवली, पानिपतची म्हणत्यात ती. 'आमची बी असली हाय?' — 'हाय!' — 'ह्यांच्यापेक्षा जुनी हाय?' — 'हाय!' हे पुढं सरले, 'अवो, मग आमची?' — 'हाय!' बबनराव, 'आमची!' — 'हाय!' — मान इकडं, मान तिकडं — सम्राट टायर घिऊन आला म्हणून, न्हाईतर सगळी असली हत्यारं त्याच दिवशी वापरात आली असती.

संध्याकाळच्या यष्टीनं गौतमी आली. तिला वाटलं आनंदानं सांगतोय. ऐकता ऐकता ती खालीच बसली. म्हणाली, 'मोठी आई, अगं त्यांच्याकडं "हाय" म्हणजे "हो". आणि नुसतं "ऐकतोय" असं सांगायलाही "हाय"च म्हणतात. त्यांनी काहीच सांगितलेलं नाही.' ह्यांनी त्या रात्री भाकरी मोडली न्हाई. पण गंमत ऐका — दुसऱ्या दिवशी पोरगी बबनरावांनाबी सांगून आली. तवर त्यांनी तलवारीची पूजा घालून गावजेवण दिलं होतं! आता काय करतील? दोन्ही तलवारी एकाच तोंडानं पास झालेल्या. आमची खोटी म्हणावी तर त्यांचीबी खोटी होती. तवापास्नं बबनराव पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत्यात, 'मच्छिंद्राची तलवार असलीच हाय, ह्यात वाद न्हाई.' ट्रकचा पाटा विसरले. दगडोबाचं चिलखत अजून दाराला हाय, झेंडूच्या माळेसकट. त्याला पोरीनं दोनदा समजावलं. तो म्हणतो, साहेब तोंडानं हाय म्हणाला, आता तू कोण?

मग तुमचा निरोप आला फोनवर. पोरीनं नीट उलगडून सांगितला — की वरचा साज लढाईच्या काळातला हाय, कारखान्यातला. पण आतलं पातं कधी कधी निराळंच असतं. घरातली पिढीजात तलवार फौजी म्यानात घालून तुमची माणसं लढाईला नेत. वरचा डगला पलटणीचा, आतला माणूस पणजोबा! आन् ते पणजोबा हायत का न्हाई, हे त्या शेपटावरनं कळतं, पण एका बघण्यात न्हाई. मी पुन्हा येतो, सगळे भाग एकत्र ठेवा.

एकत्र ठेवा! तुम्हाला काय, चार शब्दांत सांगितलंत. इथं दोन भाऊ अंगणात आले, हातभर अंतरावर उभे, आन् हे मला म्हणत्यात, 'विचार त्याला, मूठ देणार का.' भावजी राजश्रीला म्हणत्यात, 'सांग त्यांना, पातं आधी खाली काढा म्हणावं.' शेवटी ह्यांनी पातं धरलं, भावजींनी लोट्यावरची चकती आणली, मूठ आणली, चढवली — खट्ट! असा आवाज झाला बघा. बसलं. भावजी त्यांच्या त्या फिटरच्या आवाजात म्हणाले, 'प्ले न्हाई अजिबात,' म्हंजी जरासुदीक हलत न्हाई. हे म्हणाले, 'न्हाईच.' एवढंच. पण सरळ बोलले दादा, मधी मी नव्हते, राजश्री नव्हती! मग भावजी बांबू तासत बसले नवी खुंटी करायला. पहिली सैल झाली, दुसरी फुटली. रोज कामावरनं आले की इथंच. च्या इथंच. म्यान हुंगून हे म्हणाले, 'मोगऱ्याचा वास येतोय रं, युद्धाला चाललीय का वरातीला?' — आन् दोघंबी हसले. मी चुलीपाशी होते. मी काय वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर थांबले असते हसायचे.

म्हणून तुम्हाला एक सांगायचं होतं. पोरगी यायच्या आत सांगते. दादा, तुम्ही निकाल देऊ नका. लगेच तरी न्हाई. असली निघाली तर उद्या पुन्हा म्हणतील कुणाकडं ऱ्हायची. पुन्हा खुंटी ठोकून बाहेर. आन् नकली निघाली तर — ह्यांचं वय बघा, मामंजींचं खोटं ह्या वयात कुठं ठेवतील ते? तुम्ही आपले दर महिन्याला या. म्हणा, अजून बघायचं हाय. म्हणा, चष्मा बदलून येतो. पिठलं मी करीन.

खोटं तर होतंच म्हणा. हे कुणाला म्हणजे कुणालाच म्हायती न्हाई. मामंजी शेवटी अंथरुणाला होते, मी पाय चेपत होते, तवा म्हणाले, 'धुरपदे, कप्तान-बिप्तान कुणी नव्हता गं. लढाई संपली होती. त्यांनी सगळ्यांनी येऊन तलवारी मैदानात ठेवल्या. कारखान्यावर उसाच्या मोळ्या पडाव्यात तसा ढीग. मी पहाऱ्यावर होतो. साहेब म्हणाला, घ्या एकेक. मी आखूड बघून घेतली, ट्रंकेत बसंल म्हणून. ट्रंकेत काय बसली न्हाई.' आन् मग म्हणाले, 'ठेवणारा एकेक जण तलवार ठेवायचा आन् तिथंच उभा ऱ्हायचा. त्याला कुणीतरी जा म्हणावं लागायचं.' एवढं बोलले. कुणाच्या घरची होती काय की. तुमच्या तर घरची न्हाई ना?

दादा? अवो, ठेचा लागला का डोळ्याला? सांगितलं होतं बोटाच्या टोकाला घ्या म्हणून. पाणी मारा. त्या हातानं न्हाई, दुसऱ्या.

आन् सकाळी ती पोरगी का किंचाळली ते मला अजून कळलं न्हाई. मी आपलं सहज म्हणलं, तुझे बाप आन् चुलते एकाच लुनावर बसून कुरकुंभला गेलेत, मधी पातं, चादरीत गुंडाळून. भावजी म्हणाले, लांबनं पाहुणा येतोय, आन् आपण त्याच्याफुडं असं गंजकं शेपूट ठेवायचं? दोस्ताच्या वर्कशॉपात मशीनवर अर्ध्या तासात आरशासारखं करून आणू. हे म्हणाले, व्हय, आबांची — म्हंजी मामंजींची — लाज ऱ्हाईल. बरोबर हाय की! भांडं आपण पाहुण्याला घासूनच देतो. तर ही पोरगी, 'मोठी आई, तो गंजच तर बघायचा होता गं!' — आन् सम्राटला वढत गाडीत बसली. गंज बघायला माणूस जपानवरनं येतो होय? गंज बघायचा तर दगडोबाच्या दाराला —

— आले! ती बघा गाडी. आन् मागनं लुना. गौतमे, हळू, सांडशील ते. आं? उशीर झाला म्हंजी? कशाला उशीर? पाहुणे जेवत्यात अजून. अवो, चादर काढा ना, दाखवा. आगाबाया. आगाबाया, काय लखलखतंय! ताटासारखं झालं की भावजी! बघा दादा, बघा, आता घ्या हातात —

काय म्हणले गौतमे? काय म्हणले ते? 'सगळं गेलं.' म्हंजी अक्षरं? शेपटावर, गंजाखाली होती व्हय? आन् आता? असली-नकली कधीच, कुणालाच, सांगता येणार न्हाई? असं म्हणले? पुन्हा विचार. कधीच न्हाई. — अवो, तुम्ही असे खाली नका बघू. ऐका की. कधीच न्हाई म्हणत्यात. म्हंजी खोटी हाय असंबी जगात कुणाला म्हणता येणार न्हाई आता. कुणालाच.

हे काय हाय? हे बारीक ठिपक्याठिपक्यांचं? भांड्यावर नाव घालायची मशीन होती तिथं? भावजी, तुम्ही बी — रडू नको गं, वाच तू. मोठ्यानं वाच, मला येवढं बारीक दिसत न्हाई.

'कालकथित सावळाराम यांच्या स्मरणार्थ. मच्छिंद्र व ज्योतिबा.'

पुन्हा वाच. शेवटचं. 'मच्छिंद्र व ज्योतिबा.' एकाच ओळीत बसवलंय? तो मधला 'व' कुणी सांगितला घालायला? ह्यांनी? बरं. बरं.

हे दादा काय करत्यात आता? कागद काढला — दातात धरला पुन्हा. गुडघ्यावर बसलेत की. शेपटावर पातळ कागद टाकून वरनं काळी कांडी घासत्यात — उमटलं, अक्षर अन् अक्षर उमटलं. ते का घेत्यात? त्यांचं कामच असतं व्हय ते, शेपटावर जे हाय ते उतरून न्यायचं? न्या. न्या, तेवढं न्या. जपून दुमडा.

चला, झालं ना? मग उठा दादा. गौतमे, सांग त्यांना, गाडी लावलीय म्हणावं, उजेड हाय तवर शिरूर गाठा. न्हाई, च्या न्हाई आता. थांबायचं न्हाई. सकाळधरनं दोघं उपाशी हायत, एका ताटात जेवणार हायत, आन् परक्या माणसापुढं त्यांना घास उतरायचा न्हाई. हाय-बिय काय म्हणू नका. या आता. या.